कातळ आणि चूल

प्रवासाला निघताना मनुष्य काहीतरी पाहावयाचे ठरवून निघतो आणि परतताना भलतेच काही पाहून येतो, असा आमचा आजवरचा अनुभव आहे. गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही सपत्नीक कुलाब्याच्या किनाऱ्यावर चार दिवस काढून आलो. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ सालीच रायगड झाले, हे आम्हांस ठाऊक आहे; परंतु आमचे वडील अखेरपर्यंत कुलाबाच म्हणत, आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेली नावे जिभेवरून सहजी उतरत नाहीत. आम्ही निघालो होतो ते दोन गोष्टी पाहण्यासाठी. एक, ज्वालामुखीच्या रसातून घडलेला तो काळा किनारा. आणि दुसरी, त्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी बांधलेले कोट. वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून मुलांना जे शिकवीत आलो, ते निवृत्तीपूर्वी एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच साधा हेतू. दोन्ही गोष्टी पाहिल्या. परंतु आज लिहावयास बसलो आहोत ते तिसऱ्याच गोष्टीसाठी.

निघण्याच्या आदल्या रात्री घरी एक प्रसंग घडला, तो आधी सांगितला पाहिजे. आमची कन्या बेंगळुरूस असते. जावई तेथेच नोकरीस आहेत. नात पाच वर्षांची. त्या रात्री फोनवर आम्ही नातीस विचारले, "जेवलीस का?" ती म्हणाली, "यस." "काय जेवलीस?" "राइस." आम्ही म्हणालो, "मराठीत सांग पाहू." त्यावर पलीकडे काही क्षण शांतता पसरली आणि फोन तिच्या आईच्या हातात गेला. आम्ही कन्येस चार शब्द सुनावले. तीही थकलेली होती. म्हणाली, "बाबा, शाळेत इंग्रजी, शेजारी कन्नड, त्यात मराठीचा भार आणखी कशाला? आणि तुम्ही तिच्याशी बोलता कुठे? तुम्ही तिची परीक्षा घेता." आम्ही फोन ठेवला. ज्याने तीस वर्षे मराठी शिकविली, त्याच्याच नातीला मराठीचा भार व्हावा, हा घाव मोठा होता. परीक्षा घेण्याविषयीचे वाक्य मात्र आम्ही तेव्हा रागाच्या भरात ऐकून सोडून दिले.

अशा मनःस्थितीत बेळगावहून रात्रीच्या गाडीने पुणे गाठले आणि सकाळी अलिबागची एस. टी. धरली. बोरघाट उतरू लागलो, तसे मन थोडे बाहेर रमू लागले. समोरच्या डोंगरांच्या उभ्या कड्यांवर आडव्या रेघा दिसत होत्या; कोणी वह्यांची चळत रचून ठेवावी तसे थरावर थर. आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, "पाहा, यातला प्रत्येक थर हा लाव्हारसाचा एकेक पूर आहे." त्या म्हणाल्या, "एवढा पूर आला, तर मग तुमचा ज्वालामुखी कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त होता. आमचे विद्यार्थीही नेमका हाच विचारतात.

ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या शेंड्यातून निघणारा धूर येतो. दख्खनची कथा निराळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथील जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ रस उसळून सपाटीवर दूरवर पसरला. तो थिजला; काही काळाने त्यावर दुसरा पूर आला; मग तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाखाली आहे, आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. थरांच्या कडा झिजून डोंगरांना पायऱ्यांचा आकार येतो. म्हणून भूशास्त्रज्ञांनी त्यास 'ट्रॅप' म्हटले. स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून तो शब्द आला आहे. थंड होताना रसातले वायू निघून गेले, तेथे पोकळ्या उरल्या. त्या पोकळ्यांत पुढे खनिजांचे पांढरे, हिरवट स्फटिक जमले. लहानपणी आपण सर्वांनी वेचलेल्या कित्येक गारगोट्या अशाच पोकळ्यांतल्या.

हे सारे ऐकून सौभाग्यवतींनी जे म्हटले, ते आमच्या पाठाच्या टाचणात कधी नव्हते. "म्हणजे आपल्या शेताच्या बांधावरचा काळा दगड तो हाच की!" हाच. उत्तरेकडून पसरत आलेला हा लाव्ह्याचा पट आमच्या बेळगावच्या परिसरात संपत येतो. दक्षिणेस त्याहून कितीतरी पुरातन खडक सुरू होतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. माणसांच्या रेघा अशा पुसतात, पुन्हा ओढल्या जातात. आमच्या बांधावरचा दगड आणि बोरघाटातला कडा मात्र एकाच आगीची लेकरे आहेत.

अलिबागला उतरून दुसऱ्या दिवशी चौल-रेवदंड्यास गेलो. रस्त्याच्या दोहो बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून मधून विहिरी, आणि त्या गर्द सावलीत दडलेले चौल. आज हे गाव पाहून कोणास वाटणार नाही की, पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ज्या बंदराचे नाव येते, ते हेच असे विद्वान मानतात. आफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात २००२ साली उभारले गेले. पोर्तुगीज आले ते त्यानंतर. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमारांनी त्यांचा पराभव केला आणि व्हाइसरॉय आल्मेइदा याचा पुत्र लोरेन्सो त्या लढाईत मारला गेला. तरीही पोर्तुगीज पुन्हा आले. १५२१ साली अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी येथे कोट बांधावयास घेतला. १५७०-७१ साली त्याच निजामशाहीने कोटास वेढा घातला, तोही त्यांनी परतवून लावला.

रेवदंड्याचा तो कोट आता गावाच्या आणि वाड्यांच्या पोटात आहे. वेशीवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेले आहे. त्याखालून सायकली, रिक्षा आणि गुरे सारखीच निर्धास्त ये-जा करतात. आत माडांच्या रांगांतून एक पडका मनोरा उभा आहे. त्यास सातखणी म्हणतात. सात मजल्यांपैकी चारच उरले आहेत. चर्चच्या भिंतींना छप्पर नाही. त्यांच्या कमानींतून वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत. आम्ही त्या भिंतीवर हात ठेवला. दगड तोच, आमच्या बांधावरचा. लिस्बनहून आलेल्या लोकांनी आपले साम्राज्य आमच्याच काळ्या कातळाने बांधले होते. आणि ते साम्राज्य गेल्यावर कातळ पुन्हा मुळांच्या हाती आला होता.

तिसऱ्या दिवशी कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईस गेलो. खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी आहे. तीन बाजूंनी पाणी, आणि माथ्यावर तटबंदी. निजामशाहीने येथे बांधकाम सुरू केले होते. १५९४ साली पोर्तुगीजांनी ते जिंकून घेतले आणि खाडीच्या दोन्ही काठांवर आपला अंमल बसविला. आम्ही दीपगृहाच्या बाजूने चढू लागलो. मे महिन्याचे ऊन, आणि आमचे गुडघे विद्यार्थ्यांच्या आज्ञाधारकपणाप्रमाणे बेभरवशाचे. तेव्हा दर वीस पायऱ्यांवर इतिहास सांगण्याच्या निमित्ताने आम्ही थांबत होतो. सौभाग्यवतींनी ते ओळखले होते, परंतु बोलल्या नाहीत.

माथा अरुंद आहे. एकामागून एक दरवाजे, पाण्याचे टाके, छप्पर उडालेले प्रार्थनामंदिर, झिजलेले शिलालेख. तटावरून पलीकडे रेवदंड्याच्या माडांची हिरवी रेघ दिसते. खाली पाहिले तर ओहोटीने किनारा उघडा पडला होता, आणि काळ्या कातळात सरळ भिंतीसारखा एक उभा पट्टा समुद्रात शिरलेला दिसत होता. या किनाऱ्यावर असे पट्टे ठिकठिकाणी आहेत. जुन्या थरांना भेगा पडल्या, त्यांत नवा रस वर चढला आणि तेथेच थिजला. सभोवतालचा खडक झिजला, तरी भेगेत थिजलेला तो कठीण पट्टा टिकून राहतो. हे दृश्य त्या वेळी आम्ही केवळ भूगोलाचा विद्यार्थी म्हणून पाहिले. त्याचा दुसरा अर्थ तासाभराने गावात उमगला.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. कोर्लईच्या बुरुजांना तेव्हा मराठी नावे मिळाली. सॅन फ्रान्सिस्को नावाच्या बुरुजाचा गणेश बुरूज झाला, असे सांगतात. इतिहासाचा तास येथे संपतो. निशाण उतरले, निशाण चढले, मुलांनी वह्या मिटल्या.

परंतु निशाण उतरल्यावर टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नव्हते. ज्यांना जाणे शक्य होते ते अधिकारी, सरदार, धनवान गेले. जे गरीब होते, गडाच्या आधाराने राहिलेले, याच मातीतून ख्रिस्ती झालेले, ते जातील कोठे? ते तेथेच राहिले. त्यांचे वंशज आजही कोर्लईत आहेत. त्यांचे माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. आणि त्या सुमारे हजारभर माणसांच्या घरांत आज, १७४० नंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही, पोर्तुगीजपासून जन्मलेली एक भाषा बोलली जाते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञ तिला कोर्लई पोर्तुगीज म्हणतात. बोलणारे तिला म्हणतात, 'नो लिंग'. अर्थ एवढाच : आपली भाषा.

हे आम्ही वाचले होते. परंतु वाचणे वेगळे आणि कानांनी ऐकणे वेगळे. उतरून आल्यावर तहानेने जीव कासावीस झाला होता. एका घराच्या पडवीत एक वृद्ध स्त्री कैऱ्या चिरीत बसली होती. आम्ही पाणी मागितले. तिने मराठीत "या, बसा सावलीला" म्हटले, आणि त्याच श्वासात आत वळून नातवाला काहीतरी सांगितले. त्यातील एक अक्षर आम्हांस कळले नाही. चार-पाच वर्षांचा तो मुलगा तांब्या घेऊन आला, अर्धे पाणी वाटेत सांडून. ती त्याला पुन्हा काही म्हणाली. तो हसला, पुटपुटला आणि पळाला. आम्ही तांब्या हातात धरून तसेच उभे राहिलो. गडावर जे राज्य संपलेले पाहिले होते, त्या राज्याचे शब्द येथे एक आजी आपल्या नातवाला पाणी आणावयास सांगण्यासाठी वापरीत होती.

सौभाग्यवती तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि आमच्या बेळगावी वळणाने म्हणाल्या, "लोणच्याला काय मावशी? आम्ही पण असंच करतो की." सांगावयास लाज वाटते, परंतु परक्या ठिकाणी हे 'की' कानावर पडले की आम्ही थोडे आक्रसतो. अनेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मेळाव्यात बोलता बोलता आमच्या तोंडून असेच 'येतो की' निघून गेले, तेव्हा श्रोते हसले होते. त्या दिवसापासून चारचौघांत आम्ही पुस्तकी मराठी अंगरख्यासारखे चढवून बसतो. मावशी मात्र हसली नाही. तिने विचारले, "तुमची मराठी वेगळीच. कुठच्या गावची?" आम्ही सांगितले. "गोड आहे," एवढेच म्हणून तिने कैरीची फोड सौभाग्यवतींच्या हातावर ठेवली.

आमच्यातला शिक्षक गप्प राहीना. आम्ही विचारले, "मावशी, या मुलाला ही भाषा शिकवते कोण?"

ती चिरता चिरता थांबली. आमचा प्रश्न तिला नीट समजला नसावा. म्हणाली, "शिकवायची कशाला, मास्तर? तो घरातच असतो ना."

"तसं नव्हे. बोलताना चुकला तर सुधारता की नाही?"

"चुकतो की. लहान आहे. मोठा झाला की नाही चुकायचा."

पुढे ती आपण होऊन म्हणाली की, शाळेत मराठी आहे, बाजारात मराठी आहे, आणि मुलाचा बाप त्याला इंग्रजी शाळेत घालावे म्हणतो. "ह्याच्या पोरांच्या तोंडी आपली भाषा असेल का, ते देवाला ठाऊक. मी आहे तोवर मी बोलणार. दुसरं मला काय येतं?" हे सांगताना तिच्या स्वरात खंत होती की केवळ माहिती, हे आम्हांस ठरविता आले नाही. तिने पुन्हा विळी ओढली.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. डोक्यात एक हिशेब चालू होता. आमच्या बेळगावपासून गोवा काही दूर नाही. तेथे १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे, पोर्तुगीज राज्य होते. कचेरीची भाषा पोर्तुगीज, कोर्टाची पोर्तुगीज, मोठ्या शाळांची पोर्तुगीज. राज्य गेले आणि दोन पिढ्यांत ती भाषा थोड्या घरांपुरती उरली. कारण गोव्याच्या बहुसंख्य चुलींपाशी ती कधी पोहोचलीच नव्हती. तेथे कोंकणीच नांदत होती. इकडे कोर्लईत राज्य १७४० सालीच गेले. ना कचेरी राहिली, ना कोर्ट, ना क्रमिक पुस्तक, ना सनद. आणि भाषा राहिली. का? आजूबाजूस निराळ्या धर्माची माणसे, सोयरीक आपसांतच, वस्ती एकत्र. त्यामुळे बोलणारे एकमेकांना धरून राहिले, असे अभ्यासक सांगतात. ते खरेच आहे. उत्तर किनाऱ्यावर अशा बोली एके काळी इतरत्रही होत्या. मुंबई-वसईकडच्या कालांतराने मावळल्या. परंतु आम्हांस त्या पडवीत जे दिसले ते असे की, ही भाषा कोणी जपून ठेवली नव्हती. ती वापरात होती, इतकेच. पाणी आणण्यासाठी, रागावण्यासाठी, निजविण्यासाठी.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या व्याकरणाच्या माणसाला सोसावी लागली. लिस्बनच्या एखाद्या पंतोजीने या भाषेची उत्तरपत्रिका तपासली, तर कागद लाल होऊन जाईल. पोर्तुगीज क्रियापदांची रूपे तिच्यात गळून गेली आहेत. नामांचे लिंगभेद झिजले आहेत. आणि क्रियापद तर चक्क मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले आहे. शेजारणीचे वळण उचलून ती जगली. मग आपण तरी कोठले सोवळे? सकाळी आपण पाव खातो, भाजीस बटाटा आणि कोबी आणतो, चावीने कुलूप उघडतो, बिजागरीला तेल घालतो, घमेले उचलतो आणि एक तारखेस पगाराची वाट पाहतो. हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आले. दालगादो या थोर गोमंतकीय पंडिताने आशियाई भाषांतील अशा शब्दांवर १९१३ साली एक ग्रंथच लिहिला. आमच्या 'अक्का' आणि 'अण्णा' या हाका तर कन्नड शेजारणीच्या. त्या हाका परत करावयास कोणी सांगितले, तर घरातील निम्मी माणसे निनावी होतील.

त्या रात्री अलिबागच्या खोलीत झोप लागेना. कन्येचे वाक्य, जे रागात सोडून दिले होते, ते आता परत आले. 'तुम्ही तिची परीक्षा घेता.' आणि त्याबरोबर एक जुनी आठवण आली, जी आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी नात दिवाळीस आली होती, तेव्हा ती मराठीच बोलत असे. एका दुपारी खेळून आली आणि म्हणाली, "आजोबा, मला पाणी पाहिजे होता." आम्ही म्हणालो, "होता नव्हे, होते. पाणी नपुंसकलिंगी. म्हण पाहू." तिने म्हटले, "होती." आम्ही पुन्हा म्हणावयास लावले. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग ती आजीकडे गेली आणि म्हणाली, "वॉटर." त्या दिवशी आम्ही घरच्यांना कौतुकाने सांगितले होते की, मुलीच्या पायाभूत व्याकरणाकडे लक्ष दिले पाहिजे.

तहानलेल्या मुलीने पाणी मागितले होते, आणि आम्ही तिला लिंगविचार दिला होता. कोर्लईच्या मावशीने सांडलेल्या तांब्यावरही नातवाला हसविले होते.

शाळेचा पट दरवर्षी उतरतो, तेव्हा आम्ही अनेकांना दोष देतो. पालकांना, काळाला, इंग्रजीच्या मोहाला. त्यात तथ्य नाही असे नाही. शाळा टिकली पाहिजे, पुस्तक मिळाले पाहिजे, पाटीवर आपले अक्षर दिसले पाहिजे, याविषयी आमचे मत तसूभरही बदललेले नाही. शाळेत चूक सुधारणे हे आमचे कर्तव्य आहे आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत आम्ही ते करू. परंतु शाळेची लाल शाई आम्ही घरी चुलीपर्यंत आणली होती. मराठी आमच्या घरात बोलली जात होती ती कचेरीची भाषा म्हणून. जिच्यापुढे अर्ज करावा लागतो आणि जी चुका दाखवून अर्ज परत पाठविते. अशा भाषेचे पुढे काय होते, ते गोव्यात पोर्तुगीजने दाखविले आहे. आपणांपैकी कोणी इंदूरला असेल, कोणी बडोद्यास, कोणी ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस. आपल्याही घरी नातवंडे येत असतील. आम्ही उपदेश करण्याच्या योग्यतेचे उरलेलो नाही. जे घडले ते सांगितले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, निघण्यापूर्वी, आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसलो. ओहोटी होती. काळा कातळ दूरवर उघडा पडला होता आणि त्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात आभाळ दिसत होते. सौभाग्यवतींनी फोन लावून आमच्या हाती दिला. आम्ही कन्येस म्हणालो, "तिला दे." आणि नातीस काहीही न विचारता सांगू लागलो, "आम्ही एका काळ्या दगडावर बसलो आहोत. हा दगड पूर्वी दगड नव्हताच. हा पातळ होता, खिरीसारखा, आणि जमिनीतून उकळत उकळत वर आला."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. आम्हांस वाटले, फोन तिने ठेवून दिला असेल. मग हळूच आले, "आजोबा, तो दगड गरम होती?"

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. तीस वर्षांची सवय जिभेच्या टोकापर्यंत आली होती. आम्ही ती गिळली.

"होय बाळ, खूप गरम होता. लालबुंद."

"मग?" ती म्हणाली.

मग आम्ही सांगत राहिलो. भरती लागून पाणी पायांपर्यंत आले, तेव्हा कोठे उठलो.